माझा वूफर बसवू नका

खण्ण!

फळीवरचं स्टीलचं झाकण खाली पडलं आणि फरशीवर गरगर फिरत वाजत राहिलं. भर दुपार होती. वीज गेलेली, त्यामुळे पंखासुद्धा गप्प होता. खाटेवर पडलेल्या सत्यशीलाबाई "अवं माय" म्हणत उठून बसल्या. ब्लाउज शिवणाऱ्या त्यांच्या सुनेचा, नंदिनीचा, पाय मशीनवर थबकला. दारातलं मांजर शेपूट फुगवून पळालं. आणि त्या झाकणाच्या अगदी जवळ, पाठमोरी बसलेली त्यांची छोटी नात पारमी आपल्या बाहुलीला खोटा खोटा भात भरवत राहिली. तिनं मान वळवली नाही. तिचा हातसुद्धा थांबला नाही.

मी ते पाहिलं. मित्रांनो, त्या दुपारपासून मला भीती वाटू लागली.

मी एक जुना डेक आहे. माजरीच्या कोळसा खाणीजवळ कामगारांची वस्ती आहे, तिथल्या एका घरात बैठकीतल्या फळीवर माझं आयुष्य गेलं. माझ्या समोरच्या काचेत सगळी बैठक दिसते. मला लोक गाण्यासाठी ओळखतात, पण मला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही. कोणीतरी गाणं लावावं आणि मी ते म्हणावं, एवढंच माझं तोंड. एरवी मला त्याचं कधी दुःख नव्हतं. पारमीच्या बाबतीत मात्र ते दुःख फार मोठं झालं.

माझा जन्म भद्रावतीच्या एका छोट्या दुकानात झाला. अजीमभाई रेडिओ-टेप दुरुस्त करायचे आणि कोणी सांगितलं तर नवा डेकही जोडून द्यायचे. वामनराव तेव्हा खाणीत कामाला होते. ते दुकानात आले आणि बराच वेळ कंपनीच्या चकचकीत डेककडे बघत उभे राहिले. अजीमभाई हसून म्हणाले, "वामनभाऊ, वो लेव तं कंपनीचं नाव ऐकान. माझा घ्या, गाणं ऐकान." वामनरावांना ते पटलं. माझी पेटी प्लायवूडची, पण स्पीकरचे दोन डबे सागाचे होते. सुताराकडे उरलेल्या फळ्या होत्या, त्याच लावल्या. सागातून माणसाचा आवाज गोड येतो, असं अजीमभाई म्हणायचे. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

त्याआधी या घरात एक लहान ट्रान्झिस्टर होता. त्यातून ढोलकी येई ती टिचकी मारल्यासारखी. गाणाऱ्याचा गळा मात्र नीट येई. म्हणून वामनरावांना शब्दांची गाणी आवडायची. भीमगीतांतली एकेक ओळ त्यांना पाठ होती. मी आलो आणि त्यांच्या बोटांना ताल सापडला. हळूहळू ते कॅसेटही तशाच आणू लागले, ज्यांत शब्दही आहेत आणि ठेकाही आहे. सकाळी बुद्धवंदना, संध्याकाळी गाणी, आणि जयंतीच्या दिवशी माझा एक डबा खिडकीत. अख्खी गल्ली ऐकायची. बाया जाता जाता म्हणायच्या, "वामनभाऊचा डेक म्हणजे डेक हाये बाप्पा!" तेव्हा माझ्या काचेमागचा हिरवा दिवा जरा जास्तच चमकत असावा.

मला बेस आणि ट्रेबल अशी दोन गोल बटणं आहेत. एकानं जाड आवाज कमी-जास्त होतो, दुसऱ्यानं बारीक. वामनराव दोन्ही मध्यावर ठेवायचे. त्या बटणांवरून घरात कोणाचं राज्य चालू आहे ते मला कळतं.

पुढे राज्य बदललं. वामनरावांचा मुलगा प्रफुल सुट्ट्यांत एका साउंडवाल्यासोबत लग्नांना जायचा. तिथून तो वेगळेच कान घेऊन आला. एक दिवस त्यानं भला मोठा वूफर आणला आणि मला जोडला. "बाबा, ऐका आता. गाणं पोटात वाजते का नाई?"

वामनराव म्हणाले, "अबे, गाणं कानासाठी असते का पोटासाठी?"

"तुमी जुन्या जमान्याचे!"

"अन् तू कुठचा? तुयं पोट बोलते तेवढंच तुले समजते."

दोघंही हसले. पण माझं बेसचं बटण उजवीकडे गेलं ते गेलंच. वूफर होता म्हणून वूफरची गाणी आली. ती गाणी आली म्हणून वूफर आणखी जोरात वाजू लागला. कोण कोणाला ओढत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. वामनरावांनी एकदा आपली जुनी कॅसेट लावून पाहिली. तो भारी आवाज शब्दांवर असा बसला की भातातला खडा शोधावा तसे शब्द शोधावे लागले. त्यांनी कॅसेट काढली, पेटीत ठेवली आणि पुन्हा मागितली नाही. भांडणही केलं नाही. माझं कॅसेटचं झाकण तेव्हापासून अडकलेलं आहे. नंतर प्रफुलनं मला ब्लूटूथची पट्टी बसवली आणि गाणी मोबाइलवरून येऊ लागली.

मग गोंडपिपरीहून नंदिनी लग्न होऊन आली. दुपारी सगळे झोपले की ती हळूच यायची, बेस कमी करायची, ट्रेबल वाढवायची आणि बाईच्या आवाजातली संथ गाणी लावायची. शिवता शिवता सोबत गुणगुणायची. संध्याकाळी प्रफुल बटणं पुन्हा फिरवायचा. "कोणं हात लावला होता?" तो विचारायचा. "मांजरीनं," ती म्हणायची.

अशा घरात पारमी जन्मली.

ती रांगायला लागली आणि सगळ्यात आधी कुठे आली असेल, तर वूफरजवळ. जाळीवर तळहात ठेवायची. कधी गाल टेकवायची. लग्नातलं एक नाचाचं गाणं होतं. खाली ढोल, वर बाईचा खणखणीत गळा. ते लागलं की पारमी जिथे असेल तिथून येई आणि वूफरला मिठी मारून डोलत राही. प्रफुलची छाती फुगायची. "माझी पोट्टी बेसवाली हाये! रगत बोलते, रगत!"

नंदिनी दुपारी गाणं लावायची तेव्हाही ती यायची. जाळीवर हात ठेवायची. थोडा वेळ थांबायची. मग हात काढून निघून जायची. जणू दार वाजवलं आणि घरात कोणीच नव्हतं.

"तिले तुई गाणी आवडतच नाई," प्रफुल चिडवायचा. "टेस्ट असते जिची तिची."

नंदिनी हसायची. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. आवड म्हणजे आवड. कोणाला गोड आवडतं, कोणाला तिखट.

पारमी बोलू लागली तीही उशिरा आणि बोबडी. तिला 'स' म्हणता यायचा नाही. साखरेला 'आखर' म्हणायची, सायकलला 'आयकल'. सत्यशीलाबाईंना ते फार गोड वाटायचं. अंगणवाडीतल्या इंदुताई मात्र म्हणाल्या, "नंदिनी, पोट्टी हुशार हाये, पण जिद्दी हाये. मांगून आवाज देऊन राह्यली तं पाह्यत नाई. समोर जाऊन हात धरला का मंग ऐकते." खाणीत आयुष्य गेलेल्या वामनरावांना हळू बोलता येत नाही. त्यांच्यामुळे घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, तेही समोर येऊन, हातवारे करून. त्यामुळे घरातल्या कोणाला काही वेगळं दिसलं नाही.

आता तुम्हाला दुपारचं ब्लास्टिंग सांगितलं पाहिजे. आमच्या इथे खाणीत कोळशासाठी सुरुंग लावतात. त्याआधी भोंगा होतो. लांबून येणारा, ऊंऽऽ असा. भोंगा झाला की वस्तीतल्या बायांचे हात आपोआप फळीकडे जातात. काचेचे ग्लास खाली, आरसा हातात, चुलीवरचं दूध धरलेलं. मग थोड्या वेळानं धडाम! जमीन हलते, भांडी किणकिणतात, माझ्या आतली धूळ उडते. त्याची इतकी सवय असते की कोणी दचकत नाही. भोंग्यानं सांगितलेलं असतं ना.

दचकायची ती एकटी पारमी. दर वेळी. खेळता खेळता अशी उडायची की हातातलं सगळं सांडायचं, आणि रडत आबांच्या, म्हणजे वामनरावांच्या, मांडीवर जाऊन बसायची.

झाकण पडलं त्या दिवशी नंदिनीनं सासूजवळ विषय काढलाच. "आत्याबाई, झाकण एवढं पडलं, पारमीनं वळून बी नाई पाह्यलं."

"खेळात गुंग होती."

"मांजर पळाली, आत्याबाई."

वामनराव बाहेरून ओरडले, "अवं, ब्लास्टिंगले पाह्यत नाई का कशी उडते? घरात कोणी उडते का तेवढं? कोल्ह्याचे कान हायेत माझ्या नातीचे!"

आमच्या वस्तीत पोरांचे कान असेच तपासतात. ब्लास्टिंगला दचकलं, म्हणजे कान शाबूत. पाळण्यातल्या लेकराचीही हीच परीक्षा. कोणालाच ती कधी चुकीची वाटली नाही.

नंदिनीनं शिवण पुन्हा हातात घेतली. ते खरंच असावं, असं तिलाही वाटत होतं. माझ्या मनात मात्र गाठ बसली. सगळे का दचकत नाहीत? कारण त्यांना भोंगा ऐकू येतो. मग पारमीच का दचकते? मला हे ओरडून सांगायचं होतं. माझ्याजवळ दोन सागाचे डबे होते, एक भला मोठा वूफर होता, आणि त्यांतून एक शब्द काढता येत नव्हता. ब्लास्टिंगची वेळ झाली की मी काचेतून पारमीकडे बघत राहायचो. भोंगा व्हायचा. ती खेळत असायची. आता जमीन हलेल, आता हलेल, आणि तिला माहीतच नाही, या विचारानं माझ्या तारा गार पडायच्या. कधी ती दाराबाहेर रस्त्याकडे धावायची आणि मागून येणारा कोळशाचा ट्रक हॉर्न देत राहायचा. नंदिनी धावत जाऊन तिला ओढून आणायची. "किती मस्ती! हॉर्न ऐकू येत नाई काय?" हे ती रागानं म्हणायची. आणि म्हटल्यावर स्वतःच घाबरल्यासारखी तिच्याकडे बघत राहायची.

मग तो रविवार आला.

प्रफुल घरी होता. त्यानं पारमीचं गाणं लावलं आणि आवाज वाढवला. पारमी वूफरला बिलगून नाचत होती. आणि माझ्या पोटात काहीतरी फाटलं. फट् असा आवाज झाला, थोडी फडफड झाली, आणि वूफर मेला. त्याचा कागद फाटला होता. पण मित्रांनो, माझे सागाचे दोन डबे शाबूत होते. त्यांतून गाणं चालूच होतं. तीच बाई, तोच गळा, फक्त खालचा ढोल गेला.

प्रफुलनं कपाळावर हात मारला. "गेला! वूफर गेला!"

पारमी थांबली. तिनं जाळीवर हात ठेवला. दुसरा हात ठेवला. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, गाणं बंद काऊन केलं?"

"वाजून राह्यलं ना बेटा."

"नाई वाजत."

"अवं वाजून राह्यलं! हे काय?"

"नाई वाजत!" तिचे डोळे भरले. "गाणं मेलं."

सत्यशीलाबाईंना हसू आवरेना. "बापाचीच लेक! बेस नाई तं गाणंच नाई इच्या लेखी." प्रफुलही हसला. वामनराव म्हणाले, "पाह्य, मी म्हणत होतो ना, गाणं पोटात घुसवलं तं असंच होते."

नंदिनी हसली नाही. तिच्या हातात भाजीची परात होती, ती तशीच राहिली. ती माझ्याकडे आली. बाईचा आवाज माझ्यातून येत होता, स्वच्छ, तिच्या आवडीसारखा. तिनं पारमीकडे पाहिलं. पोर मुसमुसत मेलेल्या वूफरवर थोपटत होती. नंदिनीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. तीच माझी भीती होती. आता ती आम्हा दोघांची झाली.

"रडू नको," प्रफुल पोरीला उचलून म्हणाला. "उद्याच नवा वूफर आणतो."

जुन्या वस्तूंना भंगाराची भीती असते. मला त्या दिवशी उलटी भीती वाटली. मला दुरुस्त होण्याची भीती वाटली. नवा वूफर बसेल, ढोल वाजेल, पारमी नाचेल, सगळे टाळ्या पिटतील आणि आज जे उघडं पडलं ते पुन्हा झाकलं जाईल. बसवू नका, मी मनात म्हणत राहिलो. माझा वूफर बसवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुल वूफर घेऊन आला. पेचकस काढला, माझी मागची पाटी उघडली. नंदिनी आली आणि जुन्या वूफरच्या रिकाम्या लाकडी खोक्यावर जाऊन बसली.

"ऊठ ना, बसवू दे."

"नाई बसवायचा."

"काऊन? पोट्टी काल जेवली बी नाई धड."

"तिचे कान दाखवू आधी. चंद्रपूरले जाऊ. मंग पाह्यजे तेवढे वूफर बसवा."

प्रफुल हसला. "कानाले काय झालं? तुले तुई गाणी ऐकाची हायेत, सरळ बोल ना!"

"पारमीचे बाबा," ती म्हणाली. "काल गाणं चालू होतं. सगळ्याइले ऐकू येत होतं. तिले नाई आलं. तिले गाणं आवडतच नाई, ढोल आवडते असं समजत होतो आपण. तिले ढोलच ऐकू येत असन तं? हातानं ऐकत असन तं?"

प्रफुलचं हसू जरा मावळलं. पण वामनराव आत आले. "कायले पोरीले आजारी पाडता? ब्लास्टिंगची वेळ होऊन राह्यली. आताच पाहू. दचकली तं कान चांगले. खाणीवाल्या माणसाले तुमी कान शिकवता?"

"पाहू मामाजी," नंदिनी म्हणाली. "पण धमाक्याले नाई. भोंग्याले पाहा."

"म्हणजे?"

"धमाका तं जमिनीतून बी येते. भोंगा जमिनीतून येत नाई."

पारमी बैठकीच्या मध्यात पाटीवर रेघोट्या ओढत होती. घर शांत झालं. मला त्या शांततेची फार भीती वाटली. माझी मागची पाटी उघडी होती, तारा लोंबत होत्या, आणि सगळे पारमीच्या लहानशा पाठीकडे बघत होते.

भोंगा झाला. ऊंऽऽऽ. लांब, सरळ.

स्वयंपाकघरात सत्यशीलाबाईंचे हात ग्लासांकडे गेले. प्रफुलनं नकळत आरसा धरला. शेजारच्या घरातून "ए, दूध!" असं कोणीतरी ओरडलं. अख्खी वस्ती सावध झाली. पारमीनं एक रेघ ओढली. ओलं बोट फिरवून ती पुसली. पुन्हा दुसरी ओढली.

वामनराव तिच्याकडे बघत राहिले. भोंगा संपला तरी बघत राहिले. मग ते हळूच तिच्या मागे उकिडवे बसले. या घरात ते हळू बोललेले मी तेव्हा प्रथमच ऐकले. "पारमी," ते म्हणाले. "बाळा. भोंगा झाला."

ती गाणं नसलेल्या शांततेत रेघोट्या ओढत राहिली.

"खाणीत," वामनराव म्हणाले. "खाणीत ज्याले भोंगा ऐकू येत नाई..."

धमाका झाला. जमीन हलली. पारमी उडाली, वळली आणि आबा मागेच बसलेले पाहून त्यांच्या छातीवर आदळली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी असं धरलं की ती रडायची थांबली. प्रफुलनं नवा वूफर त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात परत ठेवला आणि ते फळीखाली ढकललं.

ते चंद्रपूरला गेले तो दिवस मी उघड्या पाठीनं घालवला. एक पाल आत शिरून माझ्या तारांवर बसली. घरात सत्यशीलाबाई एकट्या होत्या. त्या एकदा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि बोट रोखून म्हणाल्या, "यानंच केलं. या डबड्यानंच पोट्टीचे कान खाल्ले." आणि त्या म्हणतात ते खरं असेल तर, या भीतीनं मी संध्याकाळपर्यंत तसाच बसलो.

संध्याकाळी नंदिनीनं सांगितलं. जाड आवाज तिला बराचसा येतो. बारीक आवाज, लांबचा आवाज येत नाही. 'स' ऐकूच आला नाही, तर ती म्हणणार कुठून? जन्मापासूनच असावं, असं डॉक्टर म्हणाले.

"डेकमुळं नाई?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाई आत्याबाई. वूफर फाटला म्हणून तं समजलं."

"मंग आता?"

"कानात मशीन लावा लागते. सरकारी दवाखान्यातून मिळन म्हणे."

"पोट्टीच्या जातीले मशीन? लोक काय म्हणन? उद्या लगन?"

"लोक काई बी म्हणू दे," वामनराव म्हणाले. "तिच्या मांगून ट्रक आला तं लोक धावन का?"

सत्यशीलाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मग त्यांनीच विचारलं, "मशीन लावली का झालं ना? हाये तेवढं ऐकू तं येत राह्यन ना तिले?"

"ते सांगता येत नाई म्हणे," नंदिनी म्हणाली. "राह्यन बी. कमी बी होईन. दाखवत राहा लागन."

ही भीती तेव्हापासून घरात राहायला आली आहे. ती माझ्या शेजारी फळीवर बसते. मशीन मिळेपर्यंत वामनराव रोज दुपारी पारमीचं बोट धरून बसायचे. भोंगा झाला की तिचं बोट दाबायचे. ती वर बघायची, ते फळीकडे हात दाखवायचे, आणि ती धावत जाऊन आपला छोटा पेला खाली ठेवायची. धमाका झाला तरी आता ती तितकी उडत नसे. पण आबा घरी नसले की?

मित्रांनो, माझ्यासारखे डेक आता फारसे उरले नाहीत. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणायला हवं. पण मी म्हातारा आहे, माझं झालं. मला एवढंच सांगायचं आहे की घरातलं लेकरू कुठल्या आवाजाकडे धावतं ते तुम्ही कौतुकानं पाहता, तसं कुठल्या आवाजाकडे ते धावत नाही, तेही पाहा. त्याची आवड आहे म्हणून हसून सोडून देण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन हळूच हाक मारा. आणि त्यानं मान वळवली नाही, तर स्वतःला समजावू नका. घाबरा. कधीकधी घाबरणं हीच माया असते.

काल पारमीच्या कानात मशीन बसली.

दुपारी ते घरी आले तेव्हा ती प्रफुलच्या खांद्यात तोंड खुपसून होती. तिला सगळ्याची भीती वाटत होती. पडद्याच्या कड्या सरकल्या, ती दचकली. नंदिनीच्या बांगड्या वाजल्या, तिनं तो हातच घट्ट धरून ठेवला. बाहेर चिमण्या भांडत होत्या. ती खिडकीकडे बघून रडायला लागली. तिनं मशीन काढायला हात नेला. नंदिनीनं तो धरला नाही, नुसती बघत राहिली. पारमीचा हात मशीनपाशीच थांबला.

"गाणं लाव," प्रफुल म्हणाला. "तिचंच लाव."

"वूफर नाई हाये."

"नसू दे."

नंदिनीनं मला चालू केलं. माझ्या अंगात वीज आली आणि मला वाटलं, आज माझा आवाज फुटला तर? घोगरा आला तर? तिला मी नकोसा झालो तर? नंदिनीनं आवाज अगदी कमी ठेवला. सागाच्या डब्यांतून ती बाई गाऊ लागली.

पारमीचं रडणं अर्ध्यात थांबलं. ती बापाच्या अंगावरून खाली उतरली. सवयीनं आधी जुन्या वूफरच्या रिकाम्या लाकडी खोक्याकडे गेली, हात ठेवला. तिथे काही नव्हतं. मग तिनं मान वर केली. डाव्या डब्याकडे पाहिलं, उजव्या डब्याकडे पाहिलं. तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली.

"आई," ती म्हणाली, "यात बाई हाये."

"हाव बाळा."

"बाई गाते."

"हाव."

"ही बाई रोज गाते?"

नंदिनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "हाव. रोजच गाते."

पारमी विचार करत राहिली. तिनं आबांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "तुले ऐकू येते? आबाले येते? आजीले बी?"

"येते," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज माझ्याहून हळू होता.

गाणं चालू होतं. पारमीनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याकडे वळवला आणि विचारलं,

"मंग मले काऊन नाई आंगतलं?"